वॉटर म्हणजे पाणी ना गं?

मागच्या महिन्यातली गोष्ट आहे, तशी अगदी छोटी. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई मिरजेहून आमच्याकडे पुण्याला आलीय, आणि संध्याकाळी सात-साडेसातला आमच्या जेवायच्या टेबलाचे तीन वाटे होतात, एका टोकाला मी लॅपटॉप घेऊन, दुसऱ्या टोकाला पाचवीतली लेक तिच्या वह्यांचा पसारा घेऊन आणि मधे आई, पेपर पसरून त्यावर भाजीचा ढीग. त्या दिवशी गवार होती. गवार मोडताना आईच्या बोटांना एक ठेका असतो, कट, शीर ओढायची, परत कट, लहानपणापासून कानात बसलेला आवाज आहे तो, मी ऑफिसचे मेल वाचत असले तरी एक कान तिकडेच असतो. लेकीला इंग्लिश ग्रामरचा होमवर्क होता, वाक्यातल्या अधोरेखित शब्दापुढे नाउन आहे की वर्ब ते लिहायचं. ती मोठ्यानं वाचत होती, प्लीज वॉटर द प्लांट्स. आईचा ठेका थांबला. "वॉटर म्हणजे पाणी ना गं?" लेक म्हणाली, हो आजी, पण इथे पाणी नाही, इथे ते वर्ब आहे. आई म्हणाली, "पाणी वर्ब कसं असेल? पाणी ही वस्तू झाली. झाडाला घालणं ही क्रिया. यात घालणं कुठे लिहिलंय?" लेकीनं माझ्याकडे बघितलं, आईनं पण माझ्याकडे बघितलं, "सांग की गं, घालणं कुठे गेलं?" आणि मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणलं, "आई, इंग्लिशमधे असंच असतं, तुला नाही कळायचं ते, राहू दे."

"बरं," आई म्हणाली, आणि परत गवार मोडायला लागली.

ते "बरं" माझ्या डोक्यातून जाईना. रात्री भांडी लावताना, सकाळी गाडी चालवताना, सिग्नलला थांबलं की परत. कारण आईचा प्रश्न बरोबर होता. इतका बरोबर की मलाही तोच पडला होता, सहावी-सातवीत असताना, आणि तेव्हा मी तो विचारला नव्हता. आमची मराठी शाळा, इंग्रजी पाचवीपासून. वहीच्या पानावर मधोमध पट्टीनं रेघ मारायची, डावीकडे शब्द उजवीकडे अर्थ, आणि सगळ्या वर्गानं एका सुरात म्हणायचं, बुक म्हणजे पुस्तक, हँड म्हणजे हात, फेस म्हणजे चेहरा. पावसाळ्यात ओल्या दप्तरांचा आणि बसायच्या गोणपाटांचा एक कुबट वास वर्गात भरलेला असायचा, आणि अजूनही बुक म्हणजे पुस्तक म्हणलं की मला तो वास येतो. एका शब्दाला एक अर्थ. वर्गाच्या भिंतीवर दप्तर अडकवायला खिळे होते, एका खिळ्याला एकच दप्तर, तसंच ते होतं. मग कधीतरी धड्यात आलं, हँड मी द बुक. मी मनात लावून बघितलं, हात मला पुस्तक. परत लावलं. परत तेच. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'मला पुस्तक दे', आणि आम्ही उतरवून घेतलं. यात 'दे' कुठे आहे हे विचारायला माझी जीभ रेटली नाही, कारण बाकी सगळ्यांना कळलंय असं मला वाटत होतं. त्या दिवसापासून मला सवय लागली, इंग्रजीत जे कळलं नाही ते पाठ करायचं आणि पुढे जायचं. त्यावर माझी नोकरी झाली, पगार झाला, सगळं झालं. आणि इकडे सातवी शिकलेली, बहात्तर वर्षांची माझी आई, जिनं आयुष्यात इंग्रजीचा एक धडा वाचला नाही, तिनं गवारीची शेंग हातात धरून पहिल्याच वाक्याला तो प्रश्न विचारला.

आणि मी तिला गप्प केलं.

आईला व्याकरण येत नाही असं तर मुळीच नाही. तिला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी असे आठच्या आठ खण ती एका दमात सांगेल. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं, आणि तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या मराठी मुलांनी शब्दांची अशी वाटणी केलीय. ते लिहिताना त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. म्हणजे बघा, शब्दाला खणात घालायची ही रीत आपण ज्यांच्याकडे बघून उचलली त्यांचेच शब्द एका खणात गप बसत नाहीत. आईला खटकलं ते हेच. तिच्या कपाटात साड्यांच्या खणात साड्या असतात आणि कागदपत्रांच्या खणात कागदपत्रं.

मी मग त्या शनिवारी बसले आणि बघायला लागले, की खरंच घालणं गेलं कुठे. आणि ते सापडलं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पाण्याला 'वॅटर' म्हणायचे, आणि पाणी घालणं, गुराढोरांना पाणी पाजणं याला वेगळं क्रियापद होतं, 'वॅटेरिअन'. शेवटचं ते 'इअन' म्हणजे आपल्या 'णे' सारखं, शब्दाला लावलेलं शेपूट. प्रेमाचं पण तसंच, प्रेम म्हणजे 'लुफु' आणि प्रेम करणं म्हणजे 'लुफिअन'. मग फ्रेंच बोलणारे नॉर्मन लोक १०६६ साली इंग्लंडात आले, राज्य बदललं, दरबाराची भाषा बदलली, आणि सामान्य माणसांच्या तोंडातलं इंग्रजी आपलं आपण झिजत राहिलं. झीज खरं तर आधीच सुरू झाली होती. जोर शब्दाच्या सुरुवातीवर, त्यामुळे शेपटं आधी मऊ पडली, 'इअन'चं 'एन' झालं, मग नुसता 'ए', मग तोही बोलायचा बंद झाला. आमच्या मिरजेच्या जुन्या घराचा उंबरा मधे असा खोलगट झाला होता, कुणी मुद्दाम तासला नव्हता, येणाऱ्याजाणाऱ्या पायांनी झाला होता तो, तशीच ही झीज. शेवटी लुफु आणि लुफिअन दोघं झिजून एकच लव्ह उरलं, वॅटर आणि वॅटेरिअन दोघांचं वॉटर.

म्हणजे घालणं होतं तिथे. आईला ते दिसत नव्हतं कारण ते झिजून गेलं होतं.

पण मग इंग्रजी माणसाला कळतं कसं, हा पुढचा प्रश्न. लग्नातल्या पंगतीवरून मला ते पटलं. आमच्याकडे अजून गावी बसक्या पंगती असतात आणि त्यात घरचाच एखादा काका पहिल्या तीन पंगतींत बुंदीचं पातेलं घेऊन वाढत फिरत असतो, घामानं सदरा ओला, आणि तोच काका शेवटच्या पंगतीला पाटावर बसतो. माणूस तोच, सदरा तोच. उभा आहे म्हणून वाढपी, बसलाय म्हणून जेवणारा. इंग्रजी शब्दाचं असं आहे. आधी 'द' आला, 'अ' आला, 'माय' आला की तो पाटावर बसला. आधी 'टू' आला, किंवा 'आय' नाहीतर 'वी' आलं, की पातेलं हातात घेऊन उभा राहिला. त्यामुळेच त्यांच्या वाक्यात शब्दांच्या जागा हलवून चालत नाही. आपल्याला काय, आजीनं झाडाला पाणी घातलं म्हणा, झाडाला पाणी आजीनं घातलं म्हणा, नाहीतर पाणी घातलं आजीनं झाडाला म्हणा, प्रत्यय चिकटलेले असतात, कोण कुणाचा ते चुकत नाही. त्यांच्याकडे प्रत्यय गेले आणि सगळा भार जागेवर आला.

तरी आईच्या प्रश्नातला एक धागा उरतोच. वॉटर म्हणजे पाणी घालणं, ठीक. पण मिल्क द काऊ म्हणजे गायीला दूध घालणं नाही, धार काढणं. डस्ट म्हणजे कपाटावरची धूळ झटकणं, आणि त्याच डस्टनं केकवर साखर भुरभुरवणं पण. बटर म्हणजे पावाला लोणी लावणं, पील म्हणजे साल काढणं. घालायचं का काढायचं का लावायचं हे शब्दात कुठेच लिहिलेलं नसतं, ते बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांना आधीच ठाऊक असावं लागतं, की झाडाला पाणी घालतात आणि गायीचं दूध काढतात. मिरजेला आमच्याकडे म्हैस होती मी लहान असताना, पहाटे आई चरवी घेऊन गोठ्यात जायची आणि पहिली धार रिकाम्या चरवीच्या तळाला लागली की एक बारीक झणझण आवाज यायचा, मग चरवी भरत गेली की तो आवाज जाड आणि मऊ होत जायचा. 'धार काढणं' या दोन शब्दांत मला तो अख्खा आवाज ऐकू येतो. मिल्क या एका शब्दात कुणालातरी त्याच्या गोठ्यातला आवाज असाच ऐकू येत असणार, मी ते नाकारत नाही. मला येत नाही एवढंच.

ऐकण्यावरून आठवलं. आधीच्या एका नोकरीत परदेशातल्या लोकांशी रोज कॉल असायचे आणि एकदा मी म्हणलं, मीटिंग रेकॉर्ड करूया, तर पलीकडची बाई दोन सेकंद गप्प झाली आणि मग तिनं शांतपणे तोच शब्द वेगळा उच्चारून विचारलं, असं म्हणायचंय का तुला? नोंद असेल तर 'रे' वर जोर आणि नोंदवायचं असेल तर 'कॉर्ड' वर जोर. प्रेझेंटचं तसंच, भेटवस्तूला पुढे जोर, सादर करायला मागे जोर. ऑब्जेक्ट, परमिट, काँट्रॅक्ट, प्रोड्यूस, ओळीनं निघाले. नाव असेल तर पुढच्या पायावर भार, काम असेल तर मागच्या. यूज हे नाम असलं की शेवटी स ऐकू येतो आणि क्रियापद असलं की झ, हाऊसचंही तेच. मी त्या शनिवार-रविवारी बाथरूममधे नळ सोडून मोठमोठ्यानं म्हणत होते, रेकॉर्ड, रेकॉर्ड. आपल्या कानाला हे लागतच नाही कारण मराठीत शब्दाच्या पोटात जोर सरकवून आपण नामाचं क्रियापद करत नाही, जोर द्यायचा तर आपण सरळ 'च' लावतो, तूच, मीच, आत्ताच. त्या बाईनं काही वाईट केलं नव्हतं. पण ते दोन सेकंद मला अजून आठवतात, आणि आईला 'राहू दे' म्हणताना मी तिला नेमके तेच दोन सेकंद दिले.

इंग्रजीनं तर शरीराचा एकेक अवयव कामाला लावलाय. हँड, हेड, आय, नोज, एल्बो, बॅक, थंब, फेस, शोल्डर. याची मला गंमत वाटायची, अण्णा जाईपर्यंत. त्यानंतर महिनाभरानं ऑफिसच्या एका मेलमधे कुणीतरी लिहिलं होतं की या प्रोजेक्टची जबाबदारी तू शोल्डर करशील का, आणि मी त्या शब्दावर अडकले. आपल्याकडे खांदा देतात. अण्णांना माझ्या भावानं दिला, चुलत्यांनी दिला, शेजारच्या दुकानदारानं दिला, दोन वर्षं बोलणं बंद असलेल्या एका नातेवाइकानं पण येऊन दिला. खांदा हा आपल्यात द्यायचा असतो, त्यात एक देणारा आणि एक घेणारा आहे. तसंच तोंड देणं, हात देणं, कान देणं, आधार देणं. इंग्रजीत फेस हा एकटा शब्द उभा राहतो आणि संकटाकडे बघतो, आपण तोंड सुद्धा देतो. मला कुठलं जास्त चांगलं हे ठरवायचं नाहीये. मला त्या दिवशी आपलं 'देणं' हवं होतं, ते तिथे नव्हतं, आणि त्या मेलला मी दोन दिवस उत्तर दिलं नाही.

बरं, असं नामांना कामाला जुंपलेलं सगळ्याच इंग्रजी बोलणाऱ्यांना आवडलं असंही नाही. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिननं १७८९ साली कोशकार नोहा वेब्स्टरला पत्र लिहून तक्रार केली होती, की मी फ्रान्सला होतो तेवढ्यात आपल्याकडे लोक नोटीस, अॅडव्होकेट, प्रोग्रेस हे शब्द क्रियापद म्हणून वापरायला लागले, तुम्ही तरी हे थांबवा. आज हे तिन्ही शब्द माझ्या रोजच्या मेलमधे क्रियापद म्हणून असतात. गुगल हे कंपनीचं नाव, २००६ साली ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत ते क्रियापद म्हणून आलं. आपण त्यावर 'गुगल करणे' म्हणतो. कॉल करणे, मेसेज करणे, सर्च करणे, बुक करणे, इंग्रजी शब्द आला की आपण त्याच्यामागे करणे बसवतो आणि मोकळे होतो, जणू तो पाहुणा आहे आणि त्याला घरातलं काम सांगायचं नाही. पण हल्ली नेटवर कुणीकुणी लिहितात, गुगलून बघ, आणि ते वाचून काहीजण चिडतात, मी नाही चिडत. मला ते मनापासून आवडतं. कारण हे आपल्या भाषेनं पूर्वी केलेलं आहे. खर्च हा शब्द फारसीतून आला, आपण खर्चणं केलं. बदल तिकडूनच आला, आपण बदलणं केलं, बदललो, बदलून टाकलं, आता तो परका होता हे सांगितलं तरी कुणाला खरं वाटत नाही. डोक्याचं डोकावणं आपण केलं, हाताचं हाताळणं, लाथेचं लाथाडणं. ज्या भाषेच्या अंगात ही रग आहे तिनं प्रत्येक नव्या शब्दाला नुसतं करणे लावत बसावं याचं मला वाईट वाटतं.

हे सगळं मी शनिवारी वाचलं, रविवारी घोळवलं, आणि आईला सांगायचं कसं ते सुचेना. सॉरी म्हणणं आमच्या घरात नाही. सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर स्वयंपाकघरातून दोघींचा आवाज येत होता. आई स्टूलवर पाय टेकवून ओट्याशी उभी, फार वेळ उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं असताना पोळ्या करत होती, आणि लेक ओट्यावर बसलेली. आईनं हातातली वस्तू वर धरून विचारलं, "हे काय?" लेक म्हणाली, लाटणं. "आणि मी काय करतेय?" पोळ्या लाटतेस. "पोळ्या काय?" लाटणं. मग आईनं उलथणं उचललं, हे काय, उलथणं, आणि ही पोळी तव्यावर काय करायची, उलथणं. चहाचं गाळणं दाखवलं. मग ड्रॉवर उघडून कातणं काढलं, ते शंकरपाळ्यांचं चाक असलेलं, मिरजेहून येताना तिनं मुद्दाम पिशवीत घालून आणलेलं. "ही वस्तू पण कातणं आणि कड कापायची ती पण कातणं." मी दारातच उभी राहिले, पर्स खांद्यावर तशीच. म्हणजे माझ्या त्या 'राहू दे' नंतर तिनं राहू दिलं नव्हतं. चार-पाच दिवस, गवार मोडताना, दुपारी आडवी झाल्यावर, ती एकटी ते डोक्यात फिरवत होती, आणि तिचं तिनं शोधून काढलं होतं. आता व्याकरणाच्या अंगानं बारीक बघितलं तर यात फरक आहे, इंग्रजीत हॅमर आधी वस्तू आणि मग ठोकणं, कोम आधी कंगवा आणि मग विंचरणं, आपल्याकडे आधी काम आणि मग त्यावरून वस्तूचं नाव, आणि ते शेवटचं 'णं' आपल्याकडे अजून शाबूत आहे म्हणून तर दोन्हीकडे चालतं. गाणं, दुखणं, खेळणं, देणं, मागणं, किती शब्द माझ्या तोंडात रोज असे दोन्हीकडून आहेत, आणि मला ते चाळीस वर्षांत एकदाही दिसले नव्हते.

मी पर्स ठेवली, हात धुतले आणि आईच्या हातातलं लाटणं घेतलं, तू बस म्हणलं. ती बसली. पोळ्या लाटता लाटता मी तिला वॅटेरिअन सांगितलं, शेपूट कसं झिजलं ते, तू विचारलेलं घालणं कुठे गेलं ते. ती नीट ऐकत होती. "म्हणजे होतं," ती म्हणाली. होतं, मी म्हणलं. "मला वाटलंच. असल्याशिवाय कसं चालेल." मग लेकीनं मधेच विचारलं, आजी, पण मग मराठीत पाण्याचं वर्ब आहे का, नुसत्या पाण्याचं, घालणं न लावता? मी तिला शिंपणं सांगणार होते पण त्यात पाणी नाही. आई गप्प होती. बोटाला लागलेलं पीठ ती अंगठ्यानं हळूहळू सोडवत होती, तव्यावरची पोळी फुगायला लागली होती.

"डोळे पाणावतात की," आई म्हणाली.

लेकीनं ओट्यावरून उडी मारली, वर्कबुक आणलं, आणि प्लीज वॉटर द प्लांट्सच्या शेजारी, समासात, पेन्सिलीनं लिहिलं, पाणावणे. वर्ब.